आठवं बटण

मी आता सुनेच्या आवाजात बोलते. मांडीवरच्या फळीवरचं पहिलं बटण दाबलं की तिचा आवाज येतो, "मला पाणी मिळेल का?" सून टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी करते. पलीकडचा माणूस शिव्या घालत असला तरी तिच्या आवाजातली साखर विरघळत नाही. मी जन्मात कुणाला "पाणी मिळेल का" असं विचारलेलं नाही. मी "पाणी आण" म्हणायचे, आणि ते येईपर्यंत आणखी दोनदा म्हणायचे.

शाळेच्या गणवेशांचं कटिंग हा माझा धंदा. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात केलं, मग नवरा गेल्यावर घरातच, मागच्या खोलीत मोठं टेबल टाकून. शिवणारे मला कात्रीबाई म्हणायचे. आपण हे पाठीमागे म्हणतो असा त्यांचा समज होता. कात्री टेबलावर किती चालायची आणि तोंडात किती, हे त्यांनाच विचारा. शिवणीच्या आत सोडायचा दाब कमी ठेवून कापड वाचवा म्हणणाऱ्या शाळेला मी नाही म्हणायचे. उद्याच्या उद्या द्या म्हणणाऱ्याला तर दारातूनच. माझ्या तोंडून हो निघायला वेळ लागायचा, म्हणून त्याला किंमत होती.

मग एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला आणि मी त्याच्या मागोमाग पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ गेली. डोकं जागेवर आहे हो! शब्द आत सगळे हजर आहेत, फक्त दार उघडत नाही. तोंड उघडलं की "ता ता ता" एवढंच बाहेर येतं. लिहून दाखवावं म्हटलं तर अक्षरंही फरार. पेपर समोर धरला की मला मुंग्या दिसतात. आणि मान म्हणाल तर तिच्यासारखी फितूर दुसरी नाही. नाही म्हणायला जावं तर ती वरखाली डोलते. चुकीची डोलतेय हे मला कळतं, पण तिला आवरेपर्यंत समोरच्याचं समाधान होऊन तो उठलेला असतो.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल म्हणत आले. आता त्यातली एकेक बुक्की मोजून सांगू शकेन, फक्त सांगता येत नाही.

धाकट्याचं मात्र कौतुक करायला हवं, आणि मी ते करते. हा माझा धाकटा मुलगा. वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखे, काय वाटेल ते दुरुस्त करतो. मी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा दुकानातल्या चाकाच्या खुर्च्या बघून आला आणि म्हणाला, "या खुर्च्या आपल्या दारातूनच आत येत नाहीत, आई. मी करतो." ऑफिसातली मोडकी खुर्ची आणली, तिला मोठी चाकं आणि ब्रेक लावले, आणि ती आमच्या सगळ्या दारांतून जाते. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलचं रबर चढवलं, म्हणून तो माझ्या डाव्या मुठीत बसतो. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून आंघोळीची खुर्ची केली, आणि कडा बोचू नयेत म्हणून त्यांना नळी चिरून लावली. असा मुलगा असायला नशीब लागतं, असं शेजारपाजारचे म्हणतात. मीही म्हटलं असतं.

फळी त्याने सगळ्यात शेवटी केली. भाजी चिरायचा लाकडी पाट, त्यावर दारावरच्या घंटीची आठ बटणं, आत बोलक्या खेळण्यांमधून काढलेल्या, आवाज साठवणाऱ्या चकत्या आणि जुन्या रेडिओचा स्पीकर. प्रत्येक बटणाखाली एक चित्र चिकटवलेलं. पाणी, भूक, बाथरूम, दुखतंय, झोप, थंडी. सातवं हो, त्याखाली हिरवा ठिपका. आठवं नाही, त्याखाली लाल. सुनेने एका दुपारी खिडक्या बंद करून सगळं आपल्या आवाजात भरून दिलं.

पहिल्या दिवशी धाकट्याने फळी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आई, भूक लागलीय?" मी डावं बोट लाल ठिपक्यावर नेलं आणि दाबलं.

"नाही," सून गोड आवाजात म्हणाली.

मी रडले. ते सगळे समजले, आई आनंदाने रडतेय. बरोबरच समजले. मान फितूर होती, पण बोट माझं होतं. त्या दिवसापासून मी सुटले. मिक्सरमधून काढलेलं ते राखाडी जेवण आलं की नाही. दुपारी उन्हातून उचलून पंख्याखाली नेलं की नाही. भेटायला येऊन माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलणाऱ्या बायकांनी "ओळखलंत ना आम्हाला?" असं विचारलं की नाही. ओळखलं होतं. पण त्यांनी मला तरी कुठे ओळखलं होतं?

चूक झाली ती एका संस्थेची माणसं फळी बघायला आली तेव्हा. जे बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी काम करणारी संस्था. अशा वस्तू बाहेर केवढ्याला मिळतात आणि धाकट्याने घरातल्या भंगारातून काय केलं, हे बघून ती माणसं थक्क झाली होती. धाकटा खुशीत येऊन सांगत होता, कुठली चकती, कुठली बॅटरी. शेवटी म्हणाला, "आणि आईला तर ही फळी इतकी आवडते!"

सूप मला त्याच दिवशी तिसऱ्यांदा भरवलं होतं आणि मी चिडलेली होते. मी लाल बटण दाबलं.

"नाही," सून म्हणाली.

माणसं हसली. धाकटाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. लहानपणी गणिताचा पेपर लपवताना व्हायचे तसेच. त्यांच्यासोबत हॉस्पिटलातली, बोलायला शिकवणारी मुलगी आली होती. तिने हळूच सांगितलं, "यांचा हो आणि नाहीचा गोंधळ होत असेल हं. अशा आजारात होतो. लगेच विश्वास ठेवू नका." ती माझ्या मानेबद्दल बोलत होती. मागच्याच आठवड्यात तिने माझी मान तपासली होती. धाकटा समजला, बटणाबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फळी उलटी करून उघडली. मी बघत होते. मी "ता ता" केलं. तो म्हणाला, "थांब गं आई, सोपी करतोय." लाल ठिपका नखाने खरवडून काढला आणि तिथे जोडलेल्या हातांचं चित्र लावलं. चकतीत सुनेकडून नवीन आवाज भरून घेतला. मग फळी माझ्या मांडीवर ठेवून मी दाबायची वाट बघत बसला.

मी दाबलं. "थँक यू हं," मी म्हणाले.

त्यानंतर घर एकदम शांत झालं. सून शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "आता आईंची काही कटकट नाही. किती समजूतदार झाल्यात." समजूतदार! माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि वर म्हणतात, ही आता कुणाला टोचत नाही. मला पाणी मागता येत होतं, पांघरूण मागता येत होतं, आभार मानता येत होते. म्हणजे चांगल्या पाहुण्याला जेवढं बोलावं लागतं तेवढं सगळं. फरक एवढाच, की मी ज्या घरात पाहुणी होते ते घर माझं होतं.

संस्थेने धाकट्याला आणखी फळ्या करायला सांगितल्या. चांगलंच झालं. माझ्यासारखी कितीतरी माणसं आत कोंडलेली आहेत, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण काम करायला जागा हवी, आणि जागा होती मागची खोली. तिथे माझं कटिंगचं टेबल आणि माझा पलंग. बघता बघता टेबलावर वायरी आल्या, पट्ट्या आल्या, वायरी जोडायला डाग देण्याच्या मशीनचा धूर आला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काम चालू असलेल्या टेबलापाशी बसायला मला आवडतं. रिकामी टेबलं मला सहन होत नाहीत.

एका रविवारी थोरली आली. थोरली माझी मुलगी. ती दूरच्या शहरात उंच इमारतीत राहते. दिवसाच्या आत जाऊन परत येता येत नाही इतकी दूर. सगळे माझ्या पलंगाभोवती बसले, आणि सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हाच मला शंका आली. थोरलीने माझा हात हातात घेतला. "आई, माझ्याकडे लिफ्ट आहे. दिवसभराची बाई ठेवू. इथे याला कामाचं किती होतं बघ. आता माझ्याकडेच राहायचं, कायमचं. येतेस ना?"

मला जायचं नव्हतं. त्या इमारतीच्या खिडकीतून फक्त दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. मी तिथे दोनदा राहून आले आहे, धडधाकट असताना, आणि दोन्ही वेळा चार दिवसांत पळून आले आहे. इथे मला रस्त्यावरचा प्रत्येक आवाज कुणाचा ते कळतं. इथे माझं टेबल आहे. तिथे मी कोपऱ्यातली एक वस्तू झाले असते, पुसून ठेवलेली. आणि तिथून मला पळून येता आलं नसतं.

बोट आठव्या बटणाकडे गेलं आणि थबकलं. ते दाबलं असतं तर काय म्हणाले असते, सांगायला नको. मी सगळा जीव एकवटून मान आडवी हलवायला गेले. ती डोलली. वर, खाली, वर, खाली, एखाद्या गुणी मुलीसारखी.

"बघा," थोरली डोळे पुसत म्हणाली, "आईचीही इच्छा आहे."

म्हणजे माझं बटण गोंधळलेलं आणि माझी मान शहाणी! ज्याला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं. मी "दुखतंय" दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिले.

"मला दुखतंय. मला दुखतंय. मला दुखतंय."

सून धावत मलम घेऊन आली. "कुठे आई? गुडघा का?" तिने गुडघा चोळला, मग पाठ, मग गोळी दिली. ती प्रेमाने चोळत होती आणि मी तिच्या हाताखाली जळत होते. गोळीने झोप आली. जाग आली तेव्हा जायचा दिवस ठरलेला होता.

त्या दिवसापर्यंत मी काय काय केलं नाही! फळी खाली पाडली, तर धाकट्याने तिला कडेने पट्टा लावून खुर्चीला बांधून टाकलं. जेवण तोंडात धरून ठेवलं, तर ते आणखी पातळ झालं. बॅग भरायला काढली तेव्हा "थंडी" दाबलं, बॅगेतले कपडे बाहेर निघावेत म्हणून. सुनेने त्यात आणखी दोन स्वेटर घातले. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात. इथे तर मीच विकली जात होते, आणि तेही "थँक यू हं" म्हणत म्हणत.

जाण्याच्या आदल्या दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. बाई शाळेची व्हॅन चालवणारी, दणकट, मोठ्या आवाजाची. मुलगी वयात आलेली, पण जन्मापासून न बोलणारी. तिचे हात आपल्या मर्जीने उडायचे. एक इकडे, एक तिकडे, आणि तोंडावर मात्र हसू. "या आमच्या मॅडम," बाई म्हणाली, "यांच्यासाठी ती बोलती फळी हवीय. संस्थेने पाठवलंय."

धाकट्याने मुलीचे हात बघितले आणि लगेच कामाला लागला. त्याची हीच गोष्ट मला आवडते, समोरच्याची अडचण त्याला आपल्या बोटांत कळते. बटणं तिच्या मुठीसाठी लहान होती, म्हणून त्याने गोल भोकं कापलेली प्लायवूडची पट्टी बटणांवर बसवली. उडता हात आधी लाकडावर टेकायचा आणि मग नेमका भोकात घसरायचा. दुसरं बटण चुकून लागायचा प्रश्नच नाही. व्हॅनवाली खूश झाली. सून कामावर होती, पण तिचा आवाज चकत्यांत आधीच भरलेला होता. पाणी, भूक, बाथरूम, मुलगी एकेक मूठ मारत होती आणि हसत होती. शेवटच्या भोकात मूठ गेली. "थँक यू हं."

मुलगी थांबली. तिने सगळ्या फळीवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग आईकडे बघितलं.

"यात नाही कुठंय?" व्हॅनवालीने विचारलं.

"ते ठेवत नाही मी," धाकटा म्हणाला. "गोंधळ होतो. आमच्या आईला दिलं होतं, तर दिवसभर तेच दाबायची."

"मग? आमच्या मॅडमही तेच दाबणार. अहो, तिला तेच तर म्हणायचं असतं. हो म्हणायला फळी कशाला लागते? तिच्या वतीने हो तर सगळं जग म्हणतं. हे थँक यू काढा आणि नाही बसवा."

धाकट्याने जरा डोकं खाजवलं. मग, गिऱ्हाइकाचं ऐकायचं म्हणून, फळी उलटी करून उघडली. त्या परक्या मुलीसाठी याला एका वाक्यात कळलं! मी महिनोन् महिने "ता ता" करतेय, गुडघे चोळून घेतेय, आणि बाहेरच्या बाईने एकदा विचारलं की लगेच पाना हातात. मला राग आला, हेवा वाटला, त्या हसऱ्या मुलीचासुद्धा. खोटं कशाला सांगू.

सून नव्हती, म्हणून त्याने चकती तोंडाजवळ धरली आणि स्वतःच म्हणाला, "नाही." साधा, जरा घोगरा आवाज, नळ दुरुस्त होणार का असं विचारल्यावर म्हणतो तसा. लाल ठिपका लावला. फळी टेबलावर ठेवली.

मुलीची मूठ खाली आली. "नाही."

"भूक लागली?" व्हॅनवालीने विचारलं. "नाही." "घरी जाऊ या?" "नाही." "आई आवडते का?" "नाही!" मुलगी हसून हसून खुर्चीत घसरली आणि व्हॅनवालीही हसायला लागली. "बघा, आजवर डोळे वटारून सांगायची, आता तोंडावर सांगते. चला, घरातली भांडणं तरी नीट होतील."

माझी खुर्ची टेबलाच्या या बाजूला होती आणि ती फळी त्या बाजूला. ब्रेक लावलेले होते. माझ्या फळीचा पट्टा मांडीवर आवळलेला होता. मी डावा हात टेबलावर टाकला आणि बोटांनी ओढत पुढे नेला. या टेबलावर मी आयुष्यभर हात लांब करून कापड पसरलंय, पण एवढी लांबी मला कधी वाटली नव्हती. खांदा खेचला गेला, पट्टा पोटात रुतला. बोटाचं टोक प्लायवूडच्या कडेला लागलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचा उडता हात फळीवर आपटला आणि फळी तसूभर माझ्याकडे सरकली. मुद्दाम की आपोआप, ते तिलाच माहीत.

मी दाबलं.

"नाही," धाकट्याचा आवाज म्हणाला.

धाकटा वळला आणि हसला. "बघा, म्हटलं नव्हतं? बटण दिसलं की झालं सुरू."

मी पुन्हा दाबलं. व्हॅनवाली हसायची थांबली होती. ती माझ्याजवळ येऊन वाकली. "मावशी, एक विचारते हं. मी बाप्या आहे का?"

"नाही."

"मी बाई आहे?"

मी बोट माझ्या फळीवर आणलं. "हो," सून म्हणाली.

"मी तुमची सून आहे?"

पुन्हा हात लांब. "नाही."

"यांचा गोंधळ नाहीये," व्हॅनवाली धाकट्याकडे बघून म्हणाली, आणि मग बाकीचं आमचं आम्ही बघावं म्हणून मुलीची ओढणी नीट करायला लागली.

धाकटा टेबलापाशी आला. हातातला पाना खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. "आई, ताईकडे जायचंय तुला?"

"नाही," त्याचाच आवाज त्याला म्हणाला.

"इथे राहायचंय?"

"हो."

"उद्या जायचंय?"

"नाही."

"मग त्या रविवारी मान…" तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. हॉस्पिटलातून आल्यापासून माझ्या तोंडाकडे, हनुवटीवरच्या लाळेकडे नव्हे, तोंडाकडे, कुणी इतका वेळ बघितलं नव्हतं. "आणि आधी? सूप वगैरे? ती माणसं आली होती तेव्हा? तुला कळत होतं सगळं?"

"हो."

तो टेबलाच्या कडेवर बसला. मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. एवढं बरं मला मलमाने कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. थोरलीचा. त्याने स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

"आम्ही आज रात्रीच निघतोय," थोरली म्हणाली. "आईची बॅग झाली ना? औषधं वेगळ्या पिशवीत ठेव."

"ताई," धाकटा म्हणाला, "आईशी बोल. तूच विचार तिला." आणि त्याने त्या मुलीची फळी उचलून माझ्या हाताखाली सरकवली.

"आई!" थोरलीने आवाज चढवला. मला ऐकू येत नाही असं तिला उगाच वाटतं. "आई, उद्या येतेस ना माझ्याकडे?"

"नाही."

"तू मध्ये कशाला बोलतोयस? मी आईला विचारतेय."

मी पुन्हा दाबलं. "नाही."

"नाही म्हणजे काय? काय चालवलंय तू?" थोरली भडकली. "मला आधी फोन केलास तेव्हा काय म्हणालास? ताई, तिला घेऊन जा, मला खोली रिकामी हवीय, ऑर्डर पुरी करायचीय. मी इथे सुट्टी काढली, बाई ठरवली, आणि आता ऐनवेळी तुला मातृप्रेमाचा उमाळा आला?"

तर असं होतं. लिफ्ट नव्हे, दिवसभराची बाई नव्हे, माझी तब्येत नव्हे. खोली हवी होती. ज्या टेबलावर कापड कापून मी या दोघांना वाढवलं, त्या टेबलाच्या आड मी येत होते. धाकट्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याचे कान पेटले होते. व्हॅनवाली खिडकीबाहेर बघत उभी होती आणि मुलगी मात्र आमच्याकडेच टक लावून बसली होती. तिला कुणी ते वाईट असतं असं शिकवलं नव्हतं.

त्याला तिथेच सावरून घेता आलं असतं. "बरं ताई, या उद्या," एवढं म्हटलं असतं तर फोन बंद झाला असता, खोली मोकळी झाली असती, आणि मी पुढे कधी काही सांगू शकले नसते. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मी बटण दाबून धरलं. त्याचा आवाज खोलीत पुन्हा म्हणाला, "नाही."

"अरे, गप्प बसशील का तू!" थोरली ओरडली.

"मी बोलत नाहीये, ताई," धाकटा म्हणाला. त्याचा खरा आवाज चकतीतल्यापेक्षा खूप बारीक निघाला. "आई बोलतेय."

मग थोरली म्हणाली, "आई?" अगदी लहानपणी अंधारात हाक मारायची तशी. आणि मग, "का गं? का नाही यायचं माझ्याकडे? तिथे काय आहे तुझं?"

दोघं वाट बघत होते. धाकटा माझ्या बोटाकडे, थोरली फोनच्या त्या टोकाला. मी दोन्ही फळ्या बघितल्या. पाणी, भूक, बाथरूम, दुखतंय, झोप, थंडी. का याचं बटण कुठेच नव्हतं. आतमध्ये सगळी उत्तरं तयार होती, टेबलाचं, रस्त्याचं, तुझ्या खिडकीतून दिसणाऱ्या खिडक्यांचं, आणि आत्ताच कळलेल्या गोष्टीचंही. तोंड उघडलं तर "ता ता" एवढंच आलं आणि थोरली पलीकडे रडायला लागली.

आणि खरं सांगू? कारणं द्यायची सवय मला पूर्वीही नव्हती. मी पुन्हा तेच बटण दाबलं.